दोन जबड्यांच्या खाडीत

माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून ऐकावं, असं माझी बायको सुनंदा घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाबरोबरच सांगून ठेवते. वाचणाऱ्यांनीही तसं करायला माझी हरकत नाही. फक्त हसू येईल तिथेच वजा करा. भीती वाटेल तिथलं तसंच राहू द्या, ते मी आधीच कमी करून लिहिलं आहे.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी शारजात राहायचो आणि दुबईत एसीच्या डक्टचं काम करणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होतो. शारजात राहून दुबईत काम करणारा माणूस आयुष्याचा मोठा भाग पुढच्या ट्रकचे लाल दिवे बघण्यात घालवतो. माझ्या पुढचा ट्रक इतका ठरलेला झाला होता की त्याच्या पठाण ड्रायव्हरने मला पोरीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. अशा माणसाला देशाच्या पाठीमागच्या अंगाला, डोंगरापलीकडे, उघड्या समुद्रावर शारजाच्याच मालकीचं एक बंदर आहे, याची खबर कुठून असणार? त्या बंदराचं नाव खोर फक्कान. आहे शारजाचं, पण तिथे जायला वाळवंट, डोंगर आणि दुसऱ्या अमिरातीची हद्द ओलांडावी लागते. दापोली तालुक्याचा एक तुकडा सोलापूरच्या पलीकडे जाऊन पडावा, तसला प्रकार.

मला तिथे नेलं इस्माईलभाईंनी. इस्माईलभाई दाभोळचे, मी गुहागरचा. मध्ये एक खाडी, तेवढंच अंतर. रोला भागात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. अरबांचे पांढरे कंदुरे शिवता शिवता डोळे अधू झाले, तेव्हा त्यांनी दुकान दुसऱ्याला दिलं, विसा कॅन्सल केला. शनिवारच्या विमानाने कायमचे घरी जाणार होते. एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले, चहा अर्धा ठेवला आणि म्हणाले, "सुर्वेशेठ, एक काम राहिलाय. तुमच्या गाडीतून मला एकदा खोर फक्कानला नेतां?"

काम असं होतं. त्यांचा थोरला भाऊ कासीम तीसेक वर्षांपूर्वी दाभोळहून लाकडी लाँचने इकडे यायला निघाला होता. बरोबर मोहल्ल्यातले दोघं आणि भंडारवाड्यातला गणू, असे चौघं. तेव्हा कागदपत्रं कोणाकडे असायची? कांद्याच्या गोण्या भराव्यात तशी माणसं लाँचमध्ये भरायची, अमावास्येच्या अंधारात या पाठीमागच्या किनाऱ्यावर उतरवायची आणि डोंगराकडे बोट दाखवायचं: ती दुबई, चालू लागा. कित्येकजण पोचले, दुकानदार झाले. कासीमचं पत्र आलं नाही. पुढे कधीतरी त्याच लाँचमधून आलेला एक पंजाबी इस्माईलभाईंना दुबईत भेटला. त्याला एवढंच माहीत, की खोर फक्कानच्या दक्षिणेच्या टोकापाठच्या वाळूच्या पुळणीवर सगळ्यांना उतरवलं होतं. तो स्वतः डोंगरावर पळाला, मागे वळून पाहिलं नाही.

"इतकी वर्षं तुम्ही गेला का नाहीत?" सुनंदाने विचारलं.

"भ्यालो," इस्माईलभाई म्हणाले. "तिथे कोणी सांगितला असता, मग काय करणार होतो?"

आता मात्र गत्यंतर नव्हतं. गावात कासीमची बायको होती, खतीजाभाभी. तिने दुसरा निकाह केला नाही आणि नवरा गेल्यावर बाईने घरात बसून पाळायची ती इद्दतही पाळली नाही. कशी पाळणार? नवरा गेलाय असं कोणी सांगायला तर हवं. परवाच तिने फोनवर दिराला बजावलं होतं, "आता येतोयस तर काय ता घेऊन ये. हाय तर हाय सांग, नाय तर नाय सांग."

आमची केतकी तेव्हा दहा वर्षांची. ती अभ्यासातून मान वर करून म्हणाली, "बाबा, यू डोन्ट इव्हन नो द वे."

"बापाला रस्ता माहीत नसतो, बेटा. रस्त्याला बाप माहीत असतो," मी म्हणालो. हे निम्मं वजा करायचं.

डोंगर

शुक्रवारी सकाळी निघालो. धैदपर्यंत वाळू, उंट आणि माझी जुनी कोरोला, तिघंही आपापल्या मस्तीत. मसाफीला रस्त्याच्या दोन्ही अंगांना शुक्रवारचा बाजार भरलेला. गालिचे, कुंड्या, कलिंगडं. एका पठाणाने माझ्यापुढे गालिचा असा उलगडला की त्याचं दुसरं टोक पुढच्या अमिरातीत गेलं असावं. मी घासाघीस करून एक कलिंगड घेतलं. इस्माईलभाई गाडीतून उतरलेच नाहीत.

मसाफीनंतर डोंगर सुरू होतात आणि माणसाचं बोलणं बंद होतं. आमचा सह्याद्री काळा खरा, पण त्याच्या अंगावर काहीतरी असतं. गवत, करवंदीची जाळी, पाण्याची एखादी रेघ. हे डोंगर म्हणजे सह्याद्रीची सालटी सोलून उन्हात वाळत घातलेली. इतके काळे की कावळा बसला तर पांढरा दिसावा. वळणं अशी की एका वळणावर मला माझ्याच गाडीचे मागचे दिवे दिसले आणि मी त्यांना हॉर्न दिला. खाली कोरड्या ओढ्यांची पात्रं, त्यांत घराएवढाले धोंडे. एवढे धोंडे इथवर वाहत आणणारं पाणी केव्हा येतं आणि कुठून, हा विचार डोक्यात आला आणि मी गाडी उगाचच रस्त्याच्या आतल्या बाजूला घेतली.

"इथून चालत गेले असतील रे," इस्माईलभाई बाहेर बघत म्हणाले. "पायात वहाणा. पाणी कुठे मिळाला असेल?"

मी उत्तर दिलं नाही. मोठ्याने बोलणाऱ्या माणसाची एक गंमत असते, तो गप्प बसला की गाडीतल्या सगळ्यांना कळतं की तो घाबरला आहे. म्हणून मी लगेच एक लावणी गुणगुणायला घेतली. इस्माईलभाईंनी हात वर करून मला थांबवलं.

फुजैराशी डोंगर संपतो आणि एकदम समुद्र. किनाऱ्याने उत्तरेला वळलो. इथे मला पहिला धक्का बसला. जन्मभर मी समुद्राकडे तोंड केलं की संध्याकाळचा सूर्य समोर असतो. इथे समुद्र पूर्वेला. सूर्य पाण्यातून वर येतो आणि डोंगरामागे जातो. कोणीतरी माझ्या गावाचा नकाशा उचलून उलटा टांगला होता. पाणी तेच, आमचंच अरबी समुद्राचं. तिरकं सरळ गेलं तर गुहागर लागेल. मग पाठीवरून थंड हात फिरल्यासारखं का वाटत होतं, ते तेव्हा कळलं नाही.

गाव

खोर फक्कान दिसायला देखणं, यात वाद नाही. घोड्याच्या नालासारखा समुद्र आत आलेला, एका टोकाला बंदराच्या उंच क्रेन, मागे घरांना ढुशी देत उभा असलेला डोंगर. लांब पाण्यावर नांगर टाकलेली जहाजं इतकी, की क्षितिजावर दुसरं गाव वसलंय असं वाटावं. इराण-इराकची लढाई चालू होती तेव्हा आत आखातात शिरायला जहाजांना धडकी भरायची. ती इथेच बाहेर ताटकळत राहायची आणि त्यावर हे गाव चांगलं पोसलं, असं आम्हाला खानावळवाल्याने सांगितलं. तो मलबारी. नाव विचारलं तर म्हणाला, "कुट्टी बोलो, सब कुट्टी बोलता." खोर म्हणजे खाडी, फक्कान म्हणजे दोन जबडे, हेही त्यानेच सांगितलं आणि दारातून डोंगराची दोन टोकं दाखवली. एक वरचा जबडा, एक खालचा. "और हम?" मी विचारलं. "हम जीभ पे," कुट्टी म्हणाला आणि सुरमई आणायला गेला.

सुरमईचा तुकडा ताटाच्या दोन्ही बाजूंनी लोंबत होता, याला मी साक्षीदार आणू शकतो. मसाला आमच्यासारखा नाही, कोकमाचा पत्ताच नाही, पण मासा ताजा, अजून डोळ्यांत पाणी असलेला. मी खाल्ला. इस्माईलभाईंनी नुसता भात चिवडला.

इतिहासाचं म्हणाल तर पाचशे वर्षांपूर्वी हे गाव म्हणजे पैसाच पैसा होतं. गुजराती व्यापारी इथे पेढ्या घालून बसले होते, घोडे जहाजांत चढायचे ते आपल्याकडच्या बंदरांत उतरायचे. मग पोर्तुगीज फिरंगी आले. गाव जाळलं, लुटलं, धरलेल्या माणसांची नाककानं कापली. शाळेत आपण हे एका ओळीत वाचतो. तिथे उभं राहून वर बघितलं की प्रश्न पडतो, लोक पळाले असतील तर कुठे? समोर पाणी, मागे भिंत.

"तेच फिरंगी वर्षा-दीड वर्षात आमच्या दाभोळला आले," इस्माईलभाई म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं सर्वांत लांब वाक्य. "आमची आजी सांगायची. दाभोळही असाच जाळला."

जुम्म्याची नमाज पढून ते आले आणि आम्ही पाण्याच्या पायऱ्यांवर उभे राहिलो. पुनव होती. भरतीचं गणित कोकणातल्या पोराला पाढ्यांबरोबर शिकवतात: तिथी मोजायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ हातात. त्या हिशेबाने पुनवेला भर दुपारी भरती आणि सूर्य बुडताना सुकती. सुकती म्हणजे ओहोटी. पाणी सगळ्यात खाली गेलेलं. अमावास्येलाही हेच.

"आज पुनव," मी म्हणालो.

"आमचा चांद चौदावा," इस्माईलभाई म्हणाले. "म्हणजे तुमची नि माझी एकच. सांजेला, मगरिबला सुकती."

हिंदूचं पंचांग आणि मुसलमानाचा चांद एकच सांगतात म्हटल्यावर शंकेला जागा कुठे राहिली? पायरीवर ओली रेघ मात्र पाण्याच्या बरीच वर होती. म्हणजे भरती केव्हाच येऊन गेली होती काय? "कालची असेल," मी म्हणालो. तळपत्या उन्हात कालची ओल! पण आम्ही दोघंही समुद्राकाठचे, आणि समुद्राकाठच्या दोन माणसांनी एकमेकांना दुजोरा दिला की समुद्राचं कोणी ऐकत नाही.

हाजी

मासे उतरतात त्या बाजूला एक म्हातारा अरब तारेचा पिंजरा दुरुस्त करत बसला होता. मासे पकडायचा पिंजरा. एखाद्या बसायच्या खोलीएवढा. त्याला सगळे हाजी उबैद म्हणत. तिथले जुने लोक हिंदी बोलतात, आपल्यापेक्षा बेधडक. इस्माईलभाईंनी सलाम करून दक्षिणेच्या टोकापाठच्या पुळणीबद्दल विचारलं.

"उधर क्या है? कुछ नहीं है," हाजी म्हणाला.

"पैले बंबई का लाँच आता था ना उधर?"

हाजीचे हात थांबले. "तुम किधर का आदमी?"

"रत्नागिरी. बंबई साइड. समंदर के किनारे का."

त्याने आमच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं माझ्या खांद्यामागे कोणी उभं आहे. मी खरंच मागे वळून बघितलं.

"आज मत जाओ," तो म्हणाला. "कल आओ, मेरा बोट में ले जाता मैं."

"कल मेरे पास नहीं है, हाजी. मैं मुल्क जा रहा हूँ. खलास."

"तो मत जाओ," हाजी म्हणाला आणि पुन्हा तार वळू लागला. कारण सांगितलं नाही. आम्ही ते आपापल्या परीने लावलं. इस्माईलभाईंना वाटलं तिथे भुताखेताचं काही असेल. मला पोलीस दिसू लागले. जिथे चोरून माणसं उतरायची नेमकी तिथेच दोन हिंदुस्थानी संध्याकाळचे दबा धरून बसलेत म्हटल्यावर कोस्टगार्डवाला काय समजेल? माझा विसा, माझी नोकरी, केतकीची शाळा, सगळं माझ्या डोळ्यांसमोर विमानात चढलं.

"जाऊया ना?" इस्माईलभाईंनी विचारलं. नको म्हणायला माझी जीभ तयार होती. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ती मागे गेली.

सुकती

टोकाला वळसा घालायला डोंगराच्या पायाशी खडकांची वाट होती. पाणी घोट्याएवढं. कालवं चिकटलेले खडक, त्यांच्या धारेने माझ्या पँटचा एक पाय गेला. इस्माईलभाई गुडघेदुखीचे, पण खडकावर पाय असा ठेवत होते की ही जागा पायांच्या ओळखीची असावी. वळण घेतलं आणि गाव पुसलं गेलं. क्रेन नाहीत, मशिदीचे मिनार नाहीत, मोटारींचा आवाज नाही. समोर चिमूटभर पुळण, बॅडमिंटनची दोन कोर्टं कशीबशी बसतील एवढी. तिन्ही बाजूंनी उभा कडा. चौथ्या बाजूला समुद्र.

आम्ही शोधलं. काय शोधत होतो ते दोघांनाही माहीत नव्हतं. थडगं, दगडांची ओळ, काहीही. मिळालं काय? दोरीचा तुकडा, एक फळी, प्लॅस्टिकची एक चप्पल. चप्पल नवीन होती, तरी इस्माईलभाईंनी ती उचलून बराच वेळ बघितली. मग कड्यावर हात ठेवत ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, आंधळा माणूस घराची भिंत चाचपतो तसे.

"फातिहा पढा ना," मी म्हणालो. "आलोय तर."

"कशी पढू?" ते वळून म्हणाले. "मेलाय असा ठरल्याशिवाय कशी पढू? जित्या माणसाची फातिहा पढू काय?"

आम्ही वाळूवर बसलो. सुकती मगरिबला, म्हणजे पाणी अजून उतरायचं होतं. परत जायची वाट आणखी सोपी होणार होती. घाई कसली? मी कलिंगड गाडीत राहिल्याबद्दल बोललो. वाशिष्ठीची खाडी मी एकदा एका हाताने पोहून गेलो होतो, दुसऱ्या हातात पेटता कंदील होता, तेही सांगितलं. आवाज कड्यावर आपटून माझ्याकडेच परत यायचा आणि परत आलेला आवाज माझा वाटत नव्हता.

इथे सूर्य डोंगरामागे जातो, त्यामुळे संध्याकाळ समुद्रावरून येत नाही. पाठीमागून येते. कड्याची सावली आमच्या डोक्यावरून पुढे सरकली, पाण्यावर गेली आणि पाणी काळं झालं. मी बूट काढून ठेवले होते. एक लाट आली आणि एक बूट हलला.

"आली एखादी मोठी," मी म्हणालो.

"सुकतीला असा होतंय कधी कधी," इस्माईलभाई म्हणाले.

दुसरी आली आणि बूट गेला. उरलेला मी पायात चढवला. आम्ही उठून चार हात मागे बसलो. पुन्हा उठलो. मागे आता कडा. मी वळणाकडे पाहिलं. जिथून घोट्याएवढ्या पाण्यातून आलो होतो तिथे खडक नव्हते. पाणी येत होतं, आपटत होतं, पांढरं होऊन मागे जात होतं.

"इस्माईलभाई, पाणी चढतंय."

"चढेल कसा? सुकती हाय. पुनव हाय ना आज?"

"पुनव आहे."

"मग? आता उतरेल."

आणि मी मान डोलावली! पाणी पोटऱ्यांना लागत होतं आणि आम्ही दोघं कड्याला पाठ लावून, तोंडाने तिथी मोजत, ते उतरायची वाट बघत होतो. डोळ्यांना दिसत होतं ते खोटं आणि लहानपणी पाठ केलेलं ते खरं. मग एक लाट छातीवर आली, खारट पाणी नाकातोंडात गेलं आणि पुनव, पाऊणपट, सगळं डोक्यातून धुऊन निघालं. मी कड्यावर चढायला गेलो. हाताला आलेला दगड बिस्किटासारखा तुटला. पुन्हा धरला, पुन्हा तुटला. इस्माईलभाई ओरडत नव्हते, त्याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांनी माझ्या शर्टची कॉलर मुठीत धरली होती. मी हनुमानस्तोत्र म्हणत होतो आणि त्याचा क्रम चुकत होता.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. पोलीस! असं मनात आलं आणि जन्मात पहिल्यांदा पोलीस यावेत असं वाटलं.

पोलीस नव्हते. हाजी उबैद होता, आपल्या छोट्या बोटीत एकटा. त्याने बोट लाटांच्या अलीकडेच थांबवली, आत आणली असती तर तिचे खडकावर तुकडे झाले असते. दोर फेकला. "यल्ला! यल्ला! पकडो!" पहिला दोर पाण्यात पडला. दुसरा मी धरला, कमरेभोवती गुंडाळला, इस्माईलभाईंना मिठी मारली आणि पाण्यात पाय सोडले. पुढचं मला आठवत नाही. वाशिष्ठीचा कंदीलवाला पोहणारा कुठे गेला होता, त्याचाही पत्ता लागला नाही. बोटीच्या तळाला मासळीसारखे दोघं पडलो होतो, एवढं खरं.

हाजीने बोट बाहेर खोल पाण्यात नेली, इंजिन मंद केलं. मग विचारलं, "तुम बैठा क्यों था उधर? पानी चढ़ता था, देखा नहीं?"

"हमको लगा उतरेगा," इस्माईलभाई म्हणाले.

हाजीने इंजिन बंद केलं.

"वो भी ऐसा ही बोला था," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. तेव्हा तो तरणा होता. अमावास्येनंतरच्या पहाटे फजरच्या आधी बोट घेऊन निघाला, तर या पुळणीवर माणसं. लाँचने रात्री उतरवलेली. बाकीचे ओरडत कड्यावर चढत होते, तेव्हा पाणी कड्याच्या पायाशी यायचं होतं. चौघं मात्र खाली वाळूवर आरामात बसलेले. याने बोटीतून हाका मारल्या, हातवारे केले. चौघांतल्या एकाने हात खाली-खाली करून दाखवला, उतरेल, पाणी उतरेल. हसत होता. त्या दिवशी वारा होता, लाटा मोठ्या होत्या; बोट जवळ नेता आली नाही. उजाडलं तेव्हा पुळण नव्हती.

"ऊपर चढ़ा वो लोग बाद में बोला," हाजी म्हणाला, "ये चार समंदर वाला था. हमको हँसता था. बोलता था, डरो मत, हमको पानी का हिसाब मालूम है, सुबह को पानी नीचे जाएगा."

समुद्र एक असला तरी भरती सगळीकडे एकदम येत नाही. ती चालत येते, आणि या किनाऱ्यावर आमच्या कोकणाच्या दोन-अडीच तास आधी पोचते. आमचं पाणी अजून उतरत असतं तेव्हा इथलं चढायला लागलेलं असतं. हे मला पुढे बंदरात काम करणाऱ्या एकाने कागदावर काढून समजावलं. त्या वेळी बोटीत कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. डोंगर ओलांडून जाणाऱ्या, पंजाबातून, पेशावरकडून आलेल्या, समुद्र कधी न पाहिलेल्या माणसांनी पाणी बघितलं आणि ती पळाली. आमच्या चौघांनी पाणी बघितलंच नाही. त्यांनी हिशेब केला.

इस्माईलभाई बोटीच्या कडेला सरकून बसले. "किधर दफन किया, हाजी?"

किनाऱ्याला लागल्यावर हाजीने आम्हाला गावाच्या कबरस्तानात नेलं. डोंगराच्या पायथ्याशी, एका कोपऱ्यात चार कबरी रांगेत होत्या. नाव कोणाचंच नाही. तिथे कोणाच्याच कबरीवर नसतं, डोक्याशी नि पायाशी एक एक दगड. कोण कोणत्या धर्माचा हे कोणाला माहीत नव्हतं, हाजी म्हणाला. गावाने चौघांचीही नमाज पढली. पुनवेचा चांद समुद्रातून वर आला होता. इस्माईलभाईंनी ओल्या कपड्यांत हात उचलले आणि फातिहा पढली. चौघांतला गणू कुठला, ते मला कळेना. मी एका पायात बूट घालून चौघांनाही हात जोडले.

गावात परत आल्यावर कुट्टीने न विचारता दोघांपुढे काळा चहा ठेवला आणि दुकानातला टेलिफोन इस्माईलभाईंकडे सरकवला. दाभोळचा नंबर लागायला वेळ लागला. लागला तेव्हा भाभीचा आवाज इतका मोठा की मला टेबलाच्या पलीकडे ऐकू येत होता. लांबच्या फोनवर आपली माणसं तशीच बोलतात, मधला समुद्र ओरडून ओलांडायचा असल्यासारखी.

"भाभी, भाई गावला."

"हयात?"

"नाय."

"एकटा होता काय रे?"

"नाय, नाय. चौघं होते. एका रांगेत हायत. इथल्या माणसांनी नमाज पढून ठेवलानी."

"कसा गेला?"

इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वेळात मी त्यांच्यासाठी चार-पाच बऱ्या गोष्टी मनात रचून ठेवल्या होत्या. तापाने गेला, झोपेत गेला, मुक्कामाच्या गावात गेला. मी तोंड उघडलं. त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

"पाणी उतरायची वाट बघत बसला होता, भाभी."

"होय," ती म्हणाली. आता आवाज मोठा नव्हता, मला कान पुढे करावा लागला. "तो बसला असेल."

मग फोन खाली ठेवल्याचा आणि लांब कुठेतरी कडी लागल्याचा आवाज आला. इस्माईलभाईंनी दोनदा "भाभी, भाभी" म्हटलं.

"दार लावून घेतलाय मी," खतीजाभाभी म्हणाली. "आजपासून बसते."